सीताफळाच्या मुळाशी

बागेला चहूबाजूंनी निळे पत्रे ठोकले होते, तरी आत शिरायची जागा दीपमालाला ठाऊक होती. रसवंतीच्या मागे दोन पत्रे एकमेकांना नीट भिडले नव्हते. दुपारच्या सुट्टीत रक्ततपासणीच्या लॅबमधून उतरायचं, पाण्याची बाटली आधी आत ढकलायची, ओढणी आवळून घ्यायची आणि मग अंग चोरून आपण शिरायचं. दिग्रसच्या भर चौकात हे सगळं चालायचं, पण एरवी बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवणाऱ्या त्या चौकाने तिला कधी हटकलं नव्हतं. दुपारच्या उन्हात कोण कोणाकडे बघतं?

त्या दिवशी ती वाकून पाणी घालत होती, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, काडीले पाणी घालून राह्यल्या का?"

ती वळली. पिवळं हेल्मेट, कोपरापर्यंत पांढरे झालेले हात आणि एका हातात तळाला भोकं पाडलेला डबा. त्या डब्यातून चुन्याची रेघ ओढत तो बागेच्या दुसऱ्या टोकापासून आला होता, आणि ती सरळसोट रेघ दीपमालाच्या चपलेपाशी येऊन थांबली होती.

"काडी नाही, सीताफळ आहे," ती म्हणाली. "हिवाळ्यात पानं गाळते ते."

"हिवाळा त गेला."

"त्याले घाई नसते."

तो हसला. पण लगेच नाही... बोललेलं आत कुठेतरी पोचून परत यावं तसं जरा उशिरा हसला. मग आपण इथे कशासाठी आहोत हे आठवल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बाग बंद आहे. नाव काय तुमचं? साहेबाले सांगा लागते."

"तुमचं?"

"संघर्ष."

"कोणासोबत?"

"सध्या त ह्या पत्र्याईसोबत. कुठून शिरल्या तेवढं सांगता का?"

तिला हसू आलं आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. दिवाळीपासून त्या चेहऱ्यावर असं काही आलं नव्हतं. पण ते टिकलं नाही. ही रेघ कशाची, असं तिने विचारलं आणि त्याने सरळ सांगून टाकलं. इथे गोल ओटा होणार, ओट्यावर गावाच्या नावाची मोठी लाल अक्षरं, लोक फोटो काढतील. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. हे झाड शोभेचं नाही म्हणून नकाशात नाही.

दीपमाला रेघ आणि झाड यांच्या मधे जाऊन उभी राहिली. संघर्षने ते पाहिलं. त्याने डबा उचलला, रेघ तशीच अर्धवट सोडली आणि म्हणाला, "ह्या कोपऱ्याचं पाहू मंग. आज तिकडलं करतो."

त्या सीताफळाची हकीकत अशी.

दीपमालाचे वडील देवराव एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी ते बागेतल्या ह्याच कोपऱ्यातल्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसायचे, कारण इथून स्टँडवरच्या गाड्यांचा आवाज ऐकू यायचा. पुसदची निघाली, दारव्ह्याची आली, असं बसल्या जागी सांगायचे. सीताफळाच्या दिवसांत खिशात दोन-तीन फळं असायचीच. बिया मागे थुंकायचे आणि बागेचे चौकीदार मारोतराव झाडू हातात घेऊन त्यांच्यावर डाफरायचे. त्यातली एक बी झाडूतून सुटली. रोपटं गुडघ्याएवढं झालं तेव्हा देवरावांनीच ते मारोतरावांना दाखवलं, आणि दोघं म्हातारे हसत बसले.

पुढे देवरावांच्या किडन्या गेल्या. ह्या भागातल्या कितीतरी माणसांच्या जातात तशाच. त्यांचं रक्त दीपमालाच काढायची आणि तपासायचीही. डॉक्टरांच्या आधी रिपोर्ट तिला कळायचा. सीताफळ बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोटॅशियम वाढलेलं दिसलं की ती समजायची, बाबांनी आज बागेत चोरून खाल्लं. एकदा लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून तिने त्यांना खाताना पाहिलंही. त्यांची पाठ तिच्याकडे होती. मान खाली घालून ते लहान मुलासारखे घाईघाईने खात होते. ती जिना उतरून गेली नाही. तो शेवटचा हंगाम ठरला.

दिवाळीत ते गेल्यावर बोरी अरबच्या काकांनी म्हटलं, राख आमच्या वावरातल्या आंब्याच्या बुडाशी टाकू. अनेक घरं असंच करतात, नदीत सोडण्यापेक्षा झाडाला घालतात. देवरावांना स्वतःचं शेत नव्हतं, म्हणून काकांचं. मडकं घेऊन दीपमाला एकटीच पहाटेच्या गाडीत बसली. चौकात गाडी कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. खिडकीतून तिला तो बाक दिसला. बाबा आयुष्यात कधी वावरात रमले नाहीत, हे तिला तेव्हा आठवलं आणि ती उतरली. बाग नुकतीच उघडली होती. मडक्यातलं सगळं तिने सीताफळाच्या मुळाशी घातलं, हातांनी माती ओढली आणि घरी जाऊन आईला, आणि फोनवर काकांनाही, सांगितलं, कोणी वावरात यायच्या आधीच आंब्याच्या बुडाशी टाकून आले.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. लोक जिथे मुरमुरे खातात, पोरं घसरगुंडीवरून उतरतात, तिथे राख! एकाला कळलं असतं तर चौकभर झालं असतं.

म्हणून संघर्षने जेव्हा विचारलं की ह्या झाडावर एवढा जीव काहून, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबानं लावलं." खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं.

तो मूळचा महागावकडचा. एका कंत्राटदाराच्या हाताखाली सुपरवायझर होता. रसवंतीमागचे पत्रे त्याने जोडून घेतले नाहीत, उलट धारेने तिची ओढणी फाटू नये म्हणून पत्र्याची कड हातोडीने वळवून दिली. ते तिला बऱ्याच दिवसांनी कळलं. रोज काहीतरी कारण काढून तो त्या कोपऱ्याचं काम पुढे ढकलत राहिला. कधी रेती आली नाही, कधी लेव्हल चुकली. दुपारी ती आली की तो लांब उभा राहून मजुरांना उगाच मोठ्याने सूचना द्यायचा. हळूहळू लांबचं जवळ आलं. डब्याचं झाकण उघडून बाकावर बसणं आलं, त्याच्या आईच्या हातचं तुरीच्या दाण्यांचं आळण आलं. आपल्या लोकांनी पिंपळ लावावा की नाही, तुमच्या बाबांनी सीताफळ काय लावलं, अशी चेष्टाही झाली. बुद्ध काही सीताफळाला नाही म्हणाले नसते, असं ती म्हणाली तेव्हा तो पुन्हा उशिराच हसला.

ती आली नाही त्या दिवशी फोनवर फोटो यायचा. पानं नसलेलं झाड आणि खाली एक ओळ... "आज काडी खुश आहे."

"काडी म्हणू नका," ती उत्तर द्यायची आणि फोन पालथा ठेवायची. थोड्या वेळाने पुन्हा उलटा करून पाहायची.

मार्चमध्ये त्याला ताप आला. रक्त द्यायला तो लॅबमध्ये आला आणि खुर्चीत बसताक्षणीच त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"भेता का?" तिने दंडाला रबर बांधत विचारलं.

"मले सुईचं नाही जमत."

"हेल्मेट घालून यायचं होतं."

"टोचा बाप्पा लवकर."

"मूठ आवळा. शीर चांगली आहे तुमची."

"चला," तो भिंतीलाच म्हणाला, "एवढं त चांगलं निघालं माझ्यात."

सुई निघाली, कापूस दाबला गेला. तो बोटाने धरा, असं पेशंटला सांगून पुढच्याकडे वळायचं, ही तिची रोजची सवय. त्या दिवशी तिने सांगितलं नाही. कापूस तिनेच धरून ठेवला. तापाने त्याचा हात कढत होता. बाबांच्या हातानंतर कामापलीकडे तिने कोणाचाच हात धरला नव्हता... आणि हे लक्षात आल्यावरही तिने तो सोडला नाही. संघर्षने भिंतीकडचं तोंड वळवलं. बाहेर कोणीतरी रिपोर्टसाठी हाक मारली.

आता सांगायला हवं, असं तिने त्या रात्री ठरवलं. पण एप्रिल लागला आणि आईच्या, इंदूबाईच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. यवतमाळला जावं लागलं. आल्यावर सांगू, असं म्हणून ती गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती आईच्या डोळ्यावरची पट्टी उघडायची वाट पाहत होती, तेव्हा फोन थरथरला. फोटो होता. बागेच्या कुंपणालगत, कामाच्या रेघेबाहेर, नव्या खड्ड्यात तेच झाड उभं होतं. खाली त्याचा निरोप होता, त्याच्याच आवाजात, धाप लागलेला. उद्घाटनाची तारीख ठरली, जेसीबी आला, थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण जेसीबी लागायच्या आधी मी स्वतःच्या हाताने काढलं. मुळाला सगळं पांढरं लागलेलं होतं. माझ्याच रेघेचा चुना झिरपला असेल, झाड जळलं असतं. म्हणून बादलीत बसवून मुळ्या एकेक करून धुतल्या, लेकराला आंघोळ घालतात तशा. आता काळजी करू नका. तुमचं झाड वाचलं.

तिने तो निरोप पुन्हा ऐकला. मग नर्सने आत बोलावलं. आईची पट्टी निघाली आणि आई म्हणाली, "दीपे, किती वाळली व तू."

गावात परतल्यावर ती पत्र्यांतून शिरली नाही, समोरच्या गेटने गेली. संघर्ष तिला पाहून लगबगीने आला. काहीतरी चांगलं केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"थे पांढरं कुठं आहे?" तिने विचारलं.

"कोणतं?"

"मुळाले लागलेलं."

"धुतलं न. चुना होता तो. सांडलेला माह्याच हातचा."

"चुना नव्हता," दीपमाला म्हणाली. तिचा आवाज रिपोर्ट सांगतानाचा होता. "बाबा होते."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने हेल्मेट काढलं आणि जवळच्या रेतीच्या ढिगावर बसला. आपले हात त्याने उलटेसुलटे करून पाहिले. तिच्याकडे न बघता त्याने एवढंच विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

ती गेटकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तो लॅबच्या खिडकीपाशी पेशंटांच्या रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर खालच्या आवाजात त्याने सांगितलं. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, मजुरांना विचारलं. त्या खड्ड्याची माती कुठे बाहेर गेली नाही. गेटपासून बाकापर्यंतच्या नव्या वाटेखाली भरावाला टाकली. मुळ्या धुतलेलं पाणीही त्याच मातीवर ओतलं होतं. वर रोलर फिरला, मग ब्लॉक बसले.

"उखडू म्हणसान त उखडतो," तो म्हणाला. "नोकरी गेली त गेली."

"उखडून काय निवडाल?" तिने विचारलं. मागचा पेशंट खाकरला. संघर्ष बाजूला झाला.

त्यानंतर फोटो आले नाहीत. तिनेही विचारलं नाही. उन्हं तापत गेली. लॅबच्या खिडकीतून बाग दिसायची. लाल अक्षरं उभी राहिली, त्यांना रंग दिला गेला. ती खिडकीशी उभी राहायची, आणि राग त्याच्यावर धरायला गेलं की तो हातातून निसटून तिच्याकडेच परत यायचा. त्याने झाड वाचवायला घेतलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं, कारण तिने ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. इंदूबाई काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. दर पौर्णिमेला त्या बोरी अरबला जाऊन त्या आंब्याखाली मेणबत्ती लावून येत.

"म्हणजे मी इतके दिवस कोणाशी बोलली व?" त्या म्हणाल्या. "डोयाचं बिल किती झालं, भाडेकरू कसा आहे, सारं त्या आंब्याले सांगतलं."

"आई, माह्यं चुकलं."

"चुकलं न." इंदूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. "त्याईले मात्र वावर कधी मानवलं नाही, हे खरं आहे." मग पोराचं विचारलं. कोण आहे, कुठला आहे, त्याला तू काय म्हणालीस. काहीच नाही म्हणाले, असं दीपमाला म्हणाली. "त्यालेही नाही सांगतलं, मलेही नाही," आई म्हणाली. "सारं एकटीनंच धरून बसा लागते का तुले?"

खिडकीतून दीपमालाला आणखी एक गोष्ट दिसू लागली होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. नव्या वाटेच्या तोंडाशी आलं की संघर्ष थांबायचा, बूट काढायचा, ते हातात घ्यायचा आणि गेटपासून बाकापर्यंत अनवाणी चालत जायचा. भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात. पलीकडे पोचला की बूट घालायचा. मजूर एकमेकांना कोपर मारून हसायचे.

रक्तदाब तपासायला आलेल्या मारोतरावांना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"साहेबाचं न?" मारोतराव म्हणाले. "कायचा त नवस असन. म्या म्हणलं, पाय भाजून राह्यले बाप्पा. त म्हणते, इथं बुटानं नाही चालवत."

दीपमालाच्या हातातला रबरी फुगा दाबायचा राहून गेला. नवस त्याच्या घरात नव्हते, तिच्याही नव्हते. रोलर त्याने फिरवला होता, ब्लॉक त्याने बसवले होते, आणि आता त्या वाटेवर पाय कसा ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. तिची क्षमा मागायला तो आला नव्हता. तो फक्त बूट काढत होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती आईला घेऊन बागेत गेली. ऊन उतरत होतं. कुंपणापाशी संघर्ष झाऱ्याने त्या झाडाला पाणी घालत होता. सावलीसाठी त्याने पोत्याचं छप्पर बांधलं होतं. दीपमाला जवळ गेली, वाकली, नखाने फांदीची साल किंचित खरवडली. आत हिरवं नव्हतं. आणखी खाली, बुंध्याशी खरवडलं. तिथेही नव्हतं.

"वाळलं हे," ती म्हणाली.

"मले मालूम आहे."

"मंग काडीले पाणी कायले घालून राह्यले?"

झाऱ्यातलं पाणी संपेपर्यंत तो थांबला. "त्याले घाई नसते, म्हणल्या होत्या तुमी."

ती उभी राहिली. त्याचे तळवे तिला दिसले, कडेने भाजून सोललेले. एवढ्या दिवसांत तिला न आलेलं रडू त्या तळव्यांकडे पाहून आलं. ती तशीच उभी राहून रडली, ओढणी तोंडाशी न नेता. संघर्ष पुढे झाला नाही, मागेही गेला नाही. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बूट घाला."

"नाही जमत."

"घाला. माहे बाबा ड्रायव्हर होते. त्याईले वर्दळीचीच सवय होती."

तेवढ्यात त्यांना इंदूबाई दिसल्या. त्या वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. नव्या डोळ्यांनी त्यांनी वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. वाकून एका ब्लॉकवर हात ठेवला आणि तो कपाळाला लावला. मग पायात चपला तशाच ठेवून त्या चालू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. आंब्याला सांगून झालेलं सगळं त्या बहुतेक पहिल्यापासून सांगत होत्या.

संघर्ष खाली बसून बूट घालू लागला. नाडी बांधताना त्याने सांगितलं की इथलं काम संपलं, परवापासून त्याला महागावला जायचं आहे, तिथेही चौकातच एक बाग करायची आहे.

"तिथं कोणतं झाड काढा लागलं त आधी गावाले विचारजा," दीपमाला म्हणाली.

"मुळाले पांढरं दिसलं त तुमाले फोन करीन."

"आणि नाही दिसलं त?"

तो नाडीकडेच पाहत राहिला. "दीपमाला," त्याने पहिल्यांदा नाव घेतलं, "मी रविवारी येत जाईन म्हणतो. महागावहून गाडी आहे."

"रविवारी लॅब बंद असते."

"म्हणूनच."

स्टँडवरून एक गाडी निघाली. कुठली ते दोघांनाही ओळखता आलं नाही. इंदूबाई बाकावर जाऊन टेकल्या होत्या आणि इकडे बघत होत्या. संघर्ष उठला. वाटेच्या कडेला येऊन तो जुन्या सवयीने थबकला, तेव्हा दीपमालाने त्याचं मनगट धरलं, आणि बूट घातलेला त्याचा पाय पहिल्या ब्लॉकवर पडला.

"हळू चाला," ती म्हणाली. "एवढी लांब नाही ही वाट."